डॉड क्रूकचा मासा

धोबिणीच्या डोहाचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण डल्नी नदीकाठचं प्रत्येक माणूस तो जाणून आहे. डोहाच्या वरच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं, गळाची दोरी फेकायची आणि दर फेकीला एक पाऊल खाली सरकायचं. आपल्या पुढं कुणी असेल तर त्याला ओलांडायचं नाही, हाक मारायची नाही, घाई करायची नाही. तो थांबला की आपणही थांबायचं. त्याच्या पुढ्यात सामन मासा असेल, गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीकडं बघत असेल, आता तोंड उघडू की मग अशा विचारात असेल. अशा वेळी खोकलासुद्धा गिळायचा असतो. स्कॉटलंडच्या त्या उत्तरेकडच्या मुलखात माणूस चर्चला नाही गेला, बायकोशी नाही बोलला, तरी खपून जातं. डोहात दुसऱ्यावर ओरडलेला माणूस मात्र खपत नाही.

वॉटी गेडिस ओरडला होता.

ती गोष्ट मागल्या हंगामातली. पुढं डॉड क्रूक बराच वेळ एका जागी खिळून उभा होता. पाणी गार, वॉटीचे गुडघे ठणकत होते. शेवटी त्याला राहवलं नाही. "अरे डॉड, बटाटे लावलेस का तिथं? सरक की!" डॉड दचकला, गळाची काठी नको तेव्हा उचलली गेली आणि लागलेला मासा सुटला. डॉडनं ते गावभर केलं. मासे धरणाऱ्यांच्या मंडळानं वॉटीला पबच्या मागल्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष बर्टी लोगन खाटीक होता आणि बोलायचाही सुरी चालवल्यासारखा. "पुन्हा असं झालं तर परवाना गेला समज. बाहेर रांग लागलीय, वॉटी. इथं कुणी मेल्याशिवाय जागा होत नाही."

वॉटी उभा जन्म लोकांची छपरं शाकारत आला होता. आता शिडीवर चढवत नव्हतं. बायकोला जाऊन चार हिवाळे झाले होते. मुलगी कॅनडात. नदी गेली तर सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न त्याला खराच पडला असता. म्हणून बर्टीपुढं तो मान खाली घालून उभा राहिला आणि चूक कबूल केली. पण डॉडशी त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघं लहानपणापासून एकाच गल्लीतले. आता समोरासमोर आले की एक जण आभाळ बघायचा आणि दुसरा बूट.

नव्या हंगामातल्या एका सकाळी वॉटी डोहावर आला, तर डॉड आधीच पाण्यात. पार मधोमध पोचलेला, खुर्चीपाशी. खुर्ची म्हणजे पाण्यातला एक मोठा खडक. त्याच्या खालच्या अंगाला पाणी संथ असतं, मांडीइतकंच. पाठ टेकून दम खाता येतो. दम खाऊन पुढं सरकायचं, तिथं बस्तान मांडायचं नाही, असा रिवाज. वॉटीला काठावरून डॉडची फक्त टोपी, डावा खांदा आणि काठीचं टोक दिसत होतं.

वॉटी उतरला नाही. काठावरच्या बाकावर बसून त्यानं पाईप भरला.

डॉड हलत नव्हता. त्याची दोरी प्रवाहात सरळ खाली ताणून राहिली होती, आणि तो ती ओढून पुन्हा फेकत नव्हता. वॉटीनं मनाशी म्हटलं, बस लेका, बस. आता बाकीचे येऊ देत. मला शहाणपण शिकवतोस आणि स्वतः खुर्ची अडवून बसतोस. बर्टी डोळ्यांनी बघू दे एकदा, मग मागल्या खोलीत कोण उभं राहतं ते बघू.

मग डॉडची टोपी पडली.

मान एका बाजूला कलली आणि टोपी घरंगळून पाण्यात गेली. त्या टोपीला डॉडच्या माशा टोचलेल्या असायच्या. निम्म्या त्यानं स्वतः हिवाळ्यात बसून बांधलेल्या, निम्म्या त्याच्या बापाच्या हातच्या. कोंबड्याची पिसं, खारीचे केस, रेशमाचा धागा. डॉड ती टोपी रात्री खुंटीला नाही, उशाशी ठेवायचा, असं त्याची बायको नेटाच सांगायची. ती टोपी खडकाआडच्या भोवऱ्यात सावकाश फिरली. हातभर अंतरावर फिरली. मग प्रवाहाला लागली आणि वळणाआड गेली. डॉडचा हात पाण्यावर आला नाही.

वॉटी उभा राहिला. हाक घशापर्यंत आली होती. तेवढ्यात त्याला बर्टीचा आवाज आठवला, रांग आठवली. समज मासाच असला तर? एवढा मोठा मासा की डॉडनं टोपीवरही पाणी सोडलं? मी ओरडलो आणि मासा गेला, तर हा दुसऱ्यांदा माझं नाव घेईल आणि मग संपलंच. असं त्यानं स्वतःला समजावलं. समजावताना आपण स्वतःला समजावतोय हेही त्याला कळत होतं. तो खाली बसला. पाईप विझला होता. त्यानं तो झाडला आणि दुसरा भरला.

तो अर्धा झाला तेव्हा लॅची रेनी आणि बर्टी काठानं बोलत आले. लॅची जुना पोस्टमन. गावातल्या बातम्या आधी त्याच्या तोंडून फुटायच्या, मग टपालातून.

"काय रे वॉटी, प्रार्थना चाललीय?"

वॉटीनं नुसती हनुवटीनं खूण केली.

लॅचीनं डोळे बारीक केले. "खुर्चीत बसलाय होय! कधीपासनं?"

"मी आलो तेव्हापासनं."

"आयला! अजून जरा बसला तर बगळा अंडी घालेल डोक्यावर."

"टोपी कुठं याची?" बर्टीनं विचारलं.

वॉटी पाईप ओढत राहिला.

"घरी विसरला असेल," लॅची म्हणाला. "नेटानं धुवायला टाकली असेल. मग आज घरात खून पडायचा."

दोघं बाकावर टेकले. लॅचीनं थर्मास काढला. बर्टी गंभीर होता. "हे बरोबर नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "खुर्ची काय त्याच्या सासऱ्यानं आंदण दिलीय?"

"मग सांग की त्याला, अध्यक्ष."

"मी? मी कसा ओरडू?"

"मग चहा पी गपचूप."

बर्टीनं चहा घेतला. "वॉटी, तुझं मात्र मानलं पाहिजे हां. डॉडच्या मागं बसलायस आणि तोंडातून शब्द नाही. शिकलास बाबा."

वॉटीला वाटलं, आता बोलावं. टोपी वाहून गेली, असं म्हणावं. पण मग कधी गेली, हे सांगावं लागलं असतं.

आणि मग डॉडची काठी वाकली.

टोक एकदा थरथरलं, खाली गेलं आणि काठीवरचं दोरीचं रीळ किंचाळत सुटलं. तो आवाज ऐकला की त्या गावचा माणूस अंथरुणावर मरायला टेकलेला असला तरी उठून बसतो. डोहाच्या खालच्या टोकाला चांदीची पाटी उलटावी तसा मासा पाण्याबाहेर आला आणि आदळला.

"लागला!" लॅचीनं चहा मांडीवर सांडला. "लागला रे! बघितलंस? म्हणून बसला होता म्हातारा!"

रीळ ओरडतच राहिलं. काठी आणखी वाकली. पण उचलली गेली नाही. खडक आणि डॉडची काख यांच्यामध्ये ती अडकून राहिली होती आणि मासा तिला ओढत होता.

"उचल!" लॅची ओरडला. "अरे उचल की काठी! डॉड!"

बर्टीही उठून ओरडायला लागला. "डॉड! काठी वर! वर घे!" नियम राखणाराच ओरडत होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

मग दोघं एकदम गप्प झाले. माशानं काठी वाकवलीय आणि हात हलत नाही, असा जिवंत माणूस त्या नदीवर आजवर कुणी पाहिला नव्हता.

वॉटी तोवर पाण्यात शिरला होता. त्याच्या बुटांत पाणी भरलं, तो एकदा गुडघ्यावर पडला, उठला. खडकाला वळसा घालून समोर गेला. डॉडचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. लाळ गळत होती. ओठ निळे. पण एक डोळा उघडा होता आणि तो डोळा वॉटीकडं बघत होता. पहिल्यांदाच बघावं तसं नाही. कुणाची तरी फार वेळ वाट बघावी, तसं.

"आलो रे," वॉटी म्हणाला. "आलो, आलो."

त्यानं डॉडच्या काखेत हात घातले. बर्टीनं पाय धरले. लॅचीही आत आला होता, पण काठी वाटेत येत होती म्हणून त्यानं ती हातात घेतली, आणि हातात घेतल्यावर त्याला ती सोडवेना. ते दोघं डॉडला काठाकडं ओढत होते आणि लॅची त्यांच्यापासून चार हातांवर मासा खेळवत होता. तोंडानं सारखा "देवा, देवा" म्हणत होता आणि हात मात्र बरोबर दोरी सोडत होते, घेत होते. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, मला काहीच आठवत नाही. त्यानं मासा काठावर घेतला तेव्हा डॉडला गवतावर निजवलेलं होतं आणि बर्टी फोन करायला वरच्या शेताकडं पळाला होता. मासा आणि माणूस जवळजवळ पडले होते. दोघांची तोंडं उघडमिट करत होती.

डॉड त्याच संध्याकाळी दवाखान्यात वारला. मेंदूत रक्त साकळलं होतं, असं कळलं.

मातीला अख्खं गाव आलं. नंतर सगळे नेटाच्या घरी जमले. हॅमचे सँडविच होते, केक होता, आणि पुरुषांसाठी पुढच्या खोलीत व्हिस्की. लॅची शेगडीपाशी उभा राहून सांगत होता, आणि गोष्ट तोवर चांगली शिजली होती. पाण्यात बारा पौंडांचा असलेला मासा शेगडीपाशी अठराचा झाला होता.

"डॉडला ठाऊक होतं तो तिथं आहे. म्हणून तर थांबला. टोपीसुद्धा घातली नव्हती, सावली पडू नये म्हणून! मासा लागला, यानं काठी उचलली, आणि त्याच झटक्याला... गेला. हातात मासा घेऊन गेला."

"असं मरण यावं," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या नशिबी कुठलं! आम्ही खाटेवर खोकत मरणार."

खोली हसली. डॉडसाठी ग्लास वर गेले.

नेटानं वॉटीला स्वयंपाकघरात बोलावलं. ती थकलेली होती, पण चेहरा शांत होता. तिनं त्याच्यापुढं चहा आणि सँडविचची बशी ठेवली.

"बर्टीनं सांगितलं मला," ती म्हणाली. "तू मागं होतास म्हणे सगळा वेळ. आणि हूं का चूं केलं नाहीस. तुमचं काय बिनसलं होतं ते मला माहीत आहे, वॉटी. तरी त्याची शेवटची सकाळ तू मोडली नाहीस. एवढंच मला सांगायचं होतं. आणि त्याची काठी तू घेऊन जा."

कोपऱ्यात काठी उभी होती. पुसलेली, कापडात गुंडाळलेली.

वॉटीला ती घेऊन निघता आलं असतं. तो उठलाही. मग पुन्हा बसला.

"नेटा, टोपी होती त्याच्या डोक्यावर."

"म्हणजे?"

"पाण्यात पडली. वाहून गेली. मी बघितली."

नेटानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि तो?"

"त्यानं हात लांबवला नाही."

"हे केव्हा?"

"लॅची आणि बर्टी यायच्या आधी. बरंच आधी. मी एक पाईप ओढला, दुसरा भरला."

बाहेर पुन्हा हसू फुटलं. नेटा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. तशीच म्हणाली, "म्हणजे मासा त्यानं धरला नाही."

"नाही. मासा आपण होऊन लागला. दोरी नुसती लोंबत होती."

"आणि तो तिथं बसून... त्याला कळत होतं?"

वॉटीला तो डोळा दिसला. नाही म्हणणं सोपं होतं. "कळत होतं," तो म्हणाला.

ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. मघाची शांती तेवढी गेली होती, आणि ती आता परत यायची नाही हे वॉटीला दिसत होतं.

"हे सांगून तुला बरं वाटलं?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?"

चहावर साय धरत होती. नेटानं त्याच्यापुढची बशी उचलली, त्यातला अर्धा सँडविच केराच्या डब्यात टाकला, बशी विसळली.

"बाहेर कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "त्याचं आता तेवढंच आहे. आणि काठी घेऊन जा. मला घरात नको."

वॉटी कापडातली काठी घेऊन पुढच्या खोलीत आला. दारापर्यंत पोचायच्या आत लॅचीनं त्याचा दंड धरला. लॅचीचे डोळे व्हिस्कीनं आणि रडण्यानं लाल झाले होते.

"हा बघा! हा होता सगळ्यांत जवळ. वॉटी, हा फर्ग्युस म्हणतो, झटका आल्यावर माणसाला काठी उचलता येतच नाही. सांग याला. तूच सांग, डॉडनं काठी उचलली की नाही?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात केकचं ताट घेऊन नेटा उभी होती, तीही बघत होती.

"उचलली," वॉटी म्हणाला.

"कशी? नीट सांग."

"दोन्ही हातांनी," वॉटी म्हणाला. "डोक्याच्या वर."

"ऐकलंस?" लॅची फर्ग्युसवर गरजला, आणि त्यानं वॉटीच्या मोकळ्या हातात भरलेला ग्लास कोंबला.