पिवळं छप्पर

अख्खी विमान कंपनी त्यांना मामा म्हणायची. पण खरी भाची एकच, आणि ती त्या दिवशी त्यांच्या शेजारी को-पायलटच्या खुर्चीत होती. विमानात मात्र तिने त्यांना कॅप्टनच म्हणायचं, हा मामांचा दंडक. नातं जिन्याखाली ठेवून वर चढायचं, असं ते बजावायचे आणि वर पोचल्यावर तिच्याच डब्यातलं खायचे.

डोंगरातल्या त्या विमानतळावर उतरणं म्हणजे खायचं काम नव्हतं. दरीतून सरळ जायचं, ठरलेल्या अंतरावर डावीकडे वळायचं, मग समोर धावपट्टी. आधी वळलं तर समोर कडा. अंतर दाखवायला यंत्र होतं, पण मामांचा भरवसा वळणाखालच्या लाकडाच्या वखारीवर, तिच्या लांबलचक पिवळ्या छपरावर. त्या छपराने आपल्याला आयुष्यभर घरी आणलं, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मामी ते वाक्य त्यांच्याआधी पुरं करायची.

आता निवृत्तीला महिना उरला होता. त्याच दरीत, वखारीच्या बरंच अलीकडे, त्यांचं घर होत आलं होतं. पाहुण्यांसाठी एका रांगेत खोल्या, वर करडा पत्रा. सगळा कारभार मामीच्या हाती. गेला आठवडाभर तिने मामांना तिकडे फिरकूही दिलं नव्हतं.

त्या दिवशी दरीत ढग कोंबून भरले होते. विमान खाली येत होतं. एका ठिकाणी ढग फाटले, खाली पिवळं लांब छप्पर दिसलं आणि मामांनी विमान डावीकडे कलवलं.

भाचीने यंत्राकडे पाहिलं. वळायला अजून दोन मैल होते. तिने तसं सांगितलं. मामा म्हणाले, छप्पर दिसलं ना, मग झालं तर.

"कॅप्टन, गो अराउंड," ती म्हणाली.

उतरणं सोडून वर चला, एवढाच त्याचा अर्थ. दोघांपैकी कुणीही म्हटलं की दुसऱ्याने वाद न घालता वर जायचं, हे तिला मामांनीच शिकवलं होतं. मामा मात्र छपराकडेच बघत राहिले. तेवढ्यात धोक्याची सूचना देणारं यंत्र ओरडायला लागलं, समोर जमीन आहे, वर घ्या. तरी त्यांचा हात हलेना.

"मामा, सोडा. विमान माझ्याकडे."

तिने इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि नाक वर ओढलं. पुढच्या काचेत झाडं आली. एकेक फांदी दिसत होती. मागे बसलेले प्रवासी तिला आठवतही नव्हते. मग झाडं खाली गेली आणि पांढरं धुकं आलं.

विमान तिने सपाटीवरच्या विमानतळावर आणून उतरवलं. प्रवासी गेले. मामा खुर्चीतच बसून राहिले. वखार तिथे कशी आली, असं ते दोनदा पुटपुटले.

मामांनी फोन चालू केला तोच तो वाजला. मामीचा होता. भाचीने तो स्पीकरवर टाकला.

"अहो, दिसलं का?" मामीचा आवाज आनंदाने फुटत होता. "काल संध्याकाळीच रंगवून झालं. मुद्दाम वखारीचाच रंग शोधून आणला. म्हटलं, आता घरी आणणारं छप्पर तुमचं स्वतःचं असू दे. मी अंगणातून हात करत होते. किती खालून गेलात हो."

कडा त्या अंगणाच्या मागेच होता.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दिसलं," ते शेवटी म्हणाले. "मी तिकडेच वळलो होतो."

मामी हसली. "मग यायचं होतं की सरळ."

मामांनी भाचीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"भाचीने येऊ दिलं नाही," ते म्हणाले.