आत बसणारा माणूस

उघड्या मोटारींची कापडी छपरं शिवायचं आणि दुरुस्त करायचं काम दोघा भावांनी तीस वर्षं एकत्र केलं. थोरल्याला सगळा बाजार थेंबमास्तर म्हणायचा आणि धाकट्याला नुसतं धाकटा. धाकटा बावन्न वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी हाक तीच. आईवडील लवकर गेले तेव्हा दादानंच त्याला वाढवला, सुई धरायला शिकवली, त्याचं लग्नही लावून दिलं. त्यामुळे दादानं म्हटलं म्हणजे झालं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं.

गळकी गाडी आली की कामाची वाटणी ठरलेली होती. धाकटा बाहेर पाण्याची नळी धरायचा, दादा दारं-काचा लावून आत बसायचा. पाणी खालून वर न्यायचं, हा दादाचा नियम. आधी दाराची कड, मग काच, मग शिवणी, आणि सगळ्यात शेवटी माथा. एकदम वरून ओतलं तर पाणी चहूकडून वाहतं आणि खरा चोर सापडत नाही. दादा आत कान देऊन बसायचा. थेंब दिसायच्या आधी त्याला तो ऐकू यायचा. मग तो त्या जागी खडूची फुली मारायचा आणि काचेवर टकटक करायचा. त्या फुलीवर धाकट्यानं कधी शंका घेतली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

अलीकडे दादा जरा विसरायला लागला होता. चहा पिऊन कप खाली ठेवायचा आणि अजून चहा आला नाही का म्हणून विचारायचा. एकदा कापड कापायची मोठी कात्री बगलेत घेऊन घरी निघाला. वहिनी त्याला रोज दुकानापर्यंत सोडायला येऊ लागली. गुडघ्यांसाठी चालायला हवं, असं म्हणायची. धाकट्यानं ते हसण्यावारी नेलं. सदुसष्टाव्या वर्षी बायको बोट धरून शाळेत सोडते, नशीब काढलंस, असं तो दादाला म्हणाला. दादाही हसला. वहिनी मात्र पदर सारखा करत तशीच वळली.

त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरीणबाई आपली गाडी घेऊन आल्या. हिरवी, दोनच माणसांची, जुनी पण जिवापाड जपलेली. पाऊस झाला की डाव्या सीटपुढचा गालिचा भिजतो, अशी तक्रार होती. छप्पर जुनं असलं तरी कापड अजून धड होतं. भावांनी नेहमीसारखं पाणी मारून पाहिलं. दादा आत बसला. बराच वेळ टकटक झाली नाही. शेवटी धाकट्यानंच नळी बंद करून दार उघडलं, तर दादा समोर बघत स्वस्थ बसला होता.

"सापडलं?" धाकट्यानं विचारलं.

दादानं एकदा त्याच्याकडे, एकदा हातातल्या खडूकडे पाहिलं आणि डाव्या दाराच्या वरच्या शिवणीवर फुली मारली.

धाकट्यानं ती शिवण उसवली. आतली पट्टी कोरडी होती. पाणी मुरलं असतं तर दोरा काळा पडला असता. तो पांढरा स्वच्छ होता. हे सगळं त्याला दिसलं. क्षणभर हात थांबलासुद्धा. पण फुली दादाची होती. आपल्याच डोळ्यांना काही तरी कळत नसेल, असं म्हणून त्यानं शिवण पुरी उसवली, नवी पट्टी घातली, पुन्हा शिवली. परत पाणी मारलं तेव्हा दादा आतून म्हणाला, कोरडं आहे. गाडी गेली.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई परत आल्या. गालिच्यावर दोन बोटं पाणी होतं, आणि नव्या टाक्यांच्या ओळीवरून जुनं कापड वीतभर फाटलं होतं. बाई ओरडल्या नाहीत. काय झालं ते बघा एवढंच म्हणाल्या. दादा अजून यायचा होता. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून धाकट्यानं फाटलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली, नळी बाईंच्या हातात दिली, पाणी कसं खालून वर न्यायचं ते सांगितलं आणि स्वतः आत जाऊन बसला. तीस वर्षांत तो पहिल्यांदाच आत बसत होता.

बसल्यावर त्याला खुणा दिसल्या. सीटच्या पाठीवर, हँडब्रेकच्या कडेला, पायाशी, दाराच्या कप्प्यात, खडूच्या बारीक बारीक फुल्या. वीस असतील, तीस असतील. काच खाली करून त्यानं बाईंना त्याबद्दल विचारलं.

"तुमच्या कामाच्या असतील म्हणून मी पुसल्या नाहीत," बाई म्हणाल्या.

त्यानं काच वर केली. बाहेर पाणी सुरू झालं. दार कोरडं, काच कोरडी, माथा कोरडा. मग छप्पर मागे जिथे गाडीला मिळतं तिथे पाणी आलं आणि सीटच्या पाठीमागून गुळगुळ असा आवाज झाला. धाकट्यानं मागे हात घातला. छपरावरचं पाणी गाडीखाली निघून जावं म्हणून तिथे एक रबरी नळी असते. तिचं तोंड कुजलेल्या पानांच्या चिखलानं बुजलं होतं. पाणी तिथे साठून आत उलटत होतं. त्यानं तार घालून नळी मोकळी केली. गाडीखाली काळं पाणी भळाभळा वाहिलं आणि पुन्हा मारलेलं सगळं पाणी सरळ खाली निघून गेलं. दहा मिनिटांचं काम. छपराला सुई लावायची गरजच नव्हती.

तो गाडीखालच्या त्या डबक्याकडे बघत उभा होता, तेवढ्यात वहिनी दादाला घेऊन आली.

बाईंनी शांतपणे विचारलं, की असं असताना शिवण का उसवली? धाकट्यानं दादाकडे पाहिलं नाही.

"चूक माझी," तो म्हणाला. "नीट न बघता उसवली. छप्पर नवं घालून देतो."

दादानं सगळं ऐकलं. फाटलेल्या कापडावरून त्यानं बोट फिरवलं, खाली वाकून नळीचं तोंड पाहिलं, आणि ताठ उभा राहिला. कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा इतका जागा दिसला नव्हता.

"तीस वर्षं शिकवतोय तुला," तो म्हणाला. "दोरा बघितला होतास का? पांढरा दोरा उसवतात का कधी?"

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"नाही, दादा. चुकलो," तो म्हणाला.

"बाईंची माफी माग."

धाकट्यानं माफी मागितली. डॉक्टरीणबाईंची नजर एकदा खडूच्या फुल्यांवरून, मग खिशातला खडू चाचपणाऱ्या दादाच्या पांढऱ्या बोटांवरून गेली. त्या दादाला नमस्कार करून, गाडी तिथेच ठेवून, चालत गेल्या. दादा त्या दिवशी खुशीत होता. पुढचे दोन तास त्यानं धाकट्याला नळ्या कशा साफ ठेवाव्यात ते समजावून सांगितलं, आणि त्यातला शब्द न शब्द बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी एकटीच आली. दादाचा हा विसर आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, ती म्हणाली. तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं. घरी तो खिडकीशी बसून राहतो, भूक लागली तरी सांगत नाही. दुकानात आला की माणसात येतो. असे मिळतील तेवढे दिवस तिला हवे होते.

"तुम्हाला फसवलं, भाऊजी," ती म्हणाली. "पण मला दुसरं काही सुचलं नाही."

धाकट्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. फसवलं कोणीच नव्हतं. दोरा पांढरा होता आणि तो त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. नुसता दोराच का, सगळं वर्ष तो बघत आला होता आणि थट्टा करत आला होता. हे तो वहिनीला सांगू शकला नाही. उद्यापासून दादाला नेहमीसारखं घेऊन या, इतकंच म्हणाला.

दादा त्यानंतर सात महिने आला. धाकटा त्याला रबरी पट्ट्या पुसायला द्यायचा. पुसलेल्याच पट्ट्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका दुपारी धाकटा गिऱ्हाइकाशी बोलत असताना दादा निघून गेला आणि संध्याकाळी तीन मैलांवर, भर रस्त्याच्या मधोमध सापडला. मग त्याला घरीच ठेवावं लागलं. धाकटा दर रविवारी सकाळी त्याची दाढी करायला जाऊ लागला. सुरुवातीला दादा त्याला नावानं हाक मारायचा, मग पोरा म्हणायचा, मग नुसता गाल पुढे करायचा.

अशाच एका रविवारी साबणाचा फेस लावून घेताना दादानं त्याला निरखून पाहिलं आणि अहो-जाहो करत विचारलं, "तुम्हाला भाऊबिऊ आहे का कोणी?"

"आहे," धाकटा म्हणाला. "थोरला आहे एक."

"बघतो का तुमच्याकडे?"

"लहानपणापासून बघतोय."

दादाचं समाधान झालेलं दिसलं. त्यानं मान मागे टाकली आणि डोळे मिटले. धाकट्यानं हनुवटीपासून वस्तरा हळूहळू वर नेला, एका गालावर, मग दुसऱ्या. स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं, झालं का? तो झालं म्हणाला, पण टॉवेल हातात घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला. पुढच्या महिन्यात दादा गेला.