दाराची खालची कड

"दार बसवण्याआधी तळालाही वॉर्निशचे दोन हात मारा, वहिनी. पाणी तिथूनच चढतं," सुतार म्हणाला होता. तिने मान डोलावली आणि सोडून दिलं. दाराचा तळ आडवं पडून बघणार कोण?

दार आत्यांच्या न्हाणीघराचं. आत्या म्हणजे नवऱ्याच्या आत्या, खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. सुताराने जुना रंग खरवडून लाकूड उघडं केलं आणि पुढचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं. बाळ आत्यांच्या खोलीत झोपलं की ती गॅलरीत बसून पॉलिश पेपर घासायची, धूळ पुसायची, फडक्याने स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा तपकिरी रंग, रेषांवरून ओढायची. वाळला की वॉर्निश. कपडे बदलल्याशिवाय बाळाला हात लावायची नाही. दाराचा नट्टापट्टा उरकला असेल तर चहा टाक, असं आत्या आतून म्हणायच्या. शेवटच्या दिवशी बाळ रडत उठलं, तळ राहिला. संध्याकाळी सुताराच्या माणसाने दार बसवलं.

रोज सकाळी दहाला आत्यांचा फोन यायचा. बाळाने काय खाल्लं, त्याला एवढ्या कपड्यांत का कोंबतेस. महिन्याभराने एक दिवस तो आलाच नाही. तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. चार वाजले तरी फोन नव्हता, तेव्हा मात्र बाळाला कडेवर घेऊन ती खाली धावली, जवळच्या किल्लीने घर उघडलं.

न्हाणीघरातून बारीक ठकठक येत होती. कडी लावलेलीच नव्हती. पाणी पिऊन फुगलेलं दार चौकटीत रुतलं होतं, आणि आतली मूठ ओढता ओढता निखळली होती.

"आधी बाळाला खाली ठेव," आत्यांचा घोगरा आवाज आला. "मग खांदा लाव. मी बाजूला सरकते."

चौथ्या धक्क्याला दार उघडलं. आत्या पालथ्या बादलीवर टेकल्या, पाय गारठून पांढरे पडलेले.

"रंग झकास बसलाय," त्या म्हणाल्या. "सात तास तेच बघत होते."

सुताराने सांगूनही आपण तळ सोडून दिला, हे तिने कबूल केलं. आत्यांनी ते हाताने उडवून लावलं.

"दाराचं राहू दे. दहाला फोन आला नाही, तेव्हा काय करत होतीस?"

ती निवांत बसली होती. तेच तिने सांगितलं.

तुम्हालाही कुणाचा तरी ठरलेला फोन येत असेल, कधी नकोसाही वाटत असेल. आज तो आला नसेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि जाऊन बघून या.