न बघता लिहिणारी ऑगस्टा

ऑगस्टा व्हीलॉकनं टाइपरायटरमधून पान काढून न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यापुढे ठेवलं. एकही चूक नव्हती. शेजारी दुसऱ्या कंपनीच्या, लिहिलेलं समोर दिसणाऱ्या नव्या यंत्रावर बसलेल्या पोरीचं अर्धं पान अजून बाकी होतं. ऑगस्टाच्या कारखान्याचे मालक इझेकिएल थ्रॅशर यांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला. व्यापाऱ्याची ही मोठी मागणी मिळाली, तरच कारखाना यंदाचा हिवाळा काढणार होता.

थ्रॅशर म्हणजे मोठे जिद्दीचे गृहस्थ. बंदुका दुरुस्त करायच्या छपरात त्यांनी पहिला टाइपरायटर घडवला, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पुढे कोर्टकचेऱ्यांपासून रेल्वेपर्यंत त्यांच्याच यंत्रांची टकटक सुरू झाली आणि अख्खं हार्लन फॉल्स गाव त्यांच्या कारखान्याच्या भोंग्यावर उठू-जेवू लागलं. त्यांच्या यंत्रात अक्षर कागद गुंडाळलेल्या रुळाच्या खालच्या अंगाला उमटे, लिहिणाऱ्याला दिसत नसे. बघायचं तर रूळ उचलावा लागे. पण पान संपायच्या आत रूळ उचलणं ही या कारखान्यात नामुष्की समजली जाई. हात तयार असेल त्यानं डोकावायचं कशाला, असं थ्रॅशर म्हणत, आणि पाहुणा आला की ऑगस्टाला पुढे करत.

व्यापाऱ्यानं पान दोनदा वाचलं, हॅट काढून ऑगस्टापुढे मान लववली.

"बाई, तुमच्यासारख्या मी कुठून आणू? माझ्या कचेरीतल्या पोरी चुकतात. चुकलेलं त्यांना तिथल्या तिथे दिसायला हवं."

मागणी त्यानं नव्या यंत्राला दिली. त्याला आगगाडीत बसवून द्यायला दुसऱ्या कंपनीची माणसं गेली. त्यांचं यंत्र तेवढं टेबलावर राहिलं.

थ्रॅशर ऑगस्टाकडे वळले.

"ऑगस्टा, तुला कधी बघावंसं वाटलं नाही ना गं?"

"रोज वाटायचं, मालक."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या कौतुकानं सगळ्यांना सांगायचात. जीभच रेटली नाही."

आता हे भडकणार, असं तिला वाटलं. थ्रॅशरांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासाठी नव्या यंत्रापुढे ठेवली.

"बस. काहीतरी लिही. मला बघू दे."

तिनं त्यांचं नाव लिहिलं. एकेक अक्षर डोळ्यांदेखत उमटत गेलं. थ्रॅशर चष्मा पुसून वाकले आणि आडनाव पुरं होईपर्यंत हलले नाहीत.

"चांगलं केलंय त्या कंपनीच्या पोरांनी," ते म्हणाले, आणि मागणी गेल्याचं कामगारांना सांगायला जिना उतरू लागले.