उजवा तळवा

पेटीकाकूंच्या उजव्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. पुरळ नाही, भेग नाही, चट्टा नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत उजेड पाडून पाहिला, रक्त तपासून घेतलं, साखर पाहिली. मग मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी टाचणी टोचत "इथं कळतंय? आणि इथं?" असं विचारलं आणि सगळीकडे कळतंय म्हटल्यावर परत पाठवून दिलं. तरी तळव्याच्या मधोमध, खळगा पडतो तिथं, अकरा महिने खाज सुटत होती. एक दिवस खाडा नाही.

"काकू, तुमचा पाय माझ्या पायापेक्षा धडधाकट आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"मग घ्या की बदलून," काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसले आणि त्यांनी सातवं मलम लिहून दिलं.

खाजेचीही एक रीत होती. आधी एक बारीक ठिपका, कुणी कोरड्या पिसाचं टोक टेकवावं तसा. मग तो ठिपका पसरायचा, आत जायचा, आणि कातडीच्या खाली कुठंतरी, नख पोचणार नाही अशा जागी जाऊन बसायचा. काकूंनी सगळं करून पाहिलं होतं. बर्फाचं पाणी, दोन मोजे, फणी, दारातल्या पायपुसण्यावर पाय घासत उभं राहणं. दुकानाच्या रांगेत त्या बुटाच्या आत विणायची सुई सारायच्या आणि चेहरा असा ठेवायच्या की भाव विचारायला आल्यात. "तळवा खाजतोय म्हणजे लांबचा प्रवास घडणार," दुकानदार म्हणाला होता. अकरा महिन्यांत काकूंचा प्रवास औषधांच्या दुकानापलीकडे गेला नव्हता.

दुसऱ्या कुणाचा पाय असता तर एवढं अडलं नसतं. पण काकूंचा पाय म्हणजेच काकूंचं काम. त्या पायपेटी वाजवायच्या. खाली दोन पट्ट्या, उजव्या-डाव्या पायानं आळीपाळीनं दाबायच्या, म्हणजे भात्यात हवा भरते आणि वर बोटांखाली सूर उभा राहतो. एक पाय थांबला तर हवा पुरत नाही. सूर बंद पडत नाही, लंगडतो.

आणि त्या सुरावर बुवा उभे असायचे. बुवा म्हणजे काकूंचे यजमान. प्रार्थनागृहात महिन्यातून दोनदा ते निरूपण करायचे, गात गात सांगायचं निरूपण. एखादं पद घ्यायचं, त्याची गोष्ट करायची, गोष्टीतून पुन्हा पदावर यायचं. लोक हसायचे, डोळे पुसायचे आणि घरी जाताना धाकट्या भावाशी पुन्हा बोलायला लागायचे. देवाचं नाव इतक्या गोडीनं घेणारा माणूस दुसरा ऐकला नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. काकू चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून ऐकत आल्या होत्या, आणि त्यांचंही तेच मत होतं.

दोन वर्षांपासून बुवा विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ली, गॅस. मग मेलेल्या भावाची चौकशी. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं आणि हे वाढतच जाईल असंही सांगितलं. खाज त्याच्यानंतर आली. काकूंनी एकदा देवघरापुढे बसून देवाशी सरळ भांडण काढलं होतं. "एका घरात दोन दुखणी कशाला? आणि दिलीस ती दिलीस, माझ्या दुखण्याला नाव तरी द्यायचंस. लोकांना काय सांगू, पाय उगाच खाजतो?"

देव काही बोलला नाही. काकू म्हणाल्या, बरं, आणि भाजी चिरायला गेल्या.

बुवांच्या विसरण्याचा मात्र काकूंनी गावाला पत्ता लागू दिला नव्हता. त्यांची एक युक्ती होती. निरूपणात बुवा मधेच थांबले की काकू पदाचे पहिले तीन सूर वाजवायच्या आणि तिसरा धरून ठेवायच्या, पाय न थांबवता, कितीही वेळ. ऐकणाऱ्यांना वाटायचं, बुवांनी मुद्दाम थांबून रंग भरला. त्या लांबलेल्या सुरावर बुवांना शब्द सापडायचा. नेहमी सापडायचा.

घरी रोज चार वाजता दोघं सराव करायला बसत. बुवा गायचे, काकू वाजवायच्या आणि नेमका तेव्हाच तळवा पेटायचा. काकूंचा उजवा पाय पट्टीवरून उचलला जायचा, सूर लंगडायला लागायचा. मग बुवा गाणं सोडून उठायचे, बुटक्या स्टुलावर बसायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि कपडे घासायच्या जुन्या ब्रशनं तळवा घासायचे.

"कुठं गं?"

"जरा खाली. टाचेकडे."

"इथं?"

"हां. अहो, जोरात घासा. पितळ समजा."

"चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, सेवा करा, सेवा करा," बुवा म्हणायचे. "आता आली अंगाशी."

औषधाची वेळ त्यांना आठवत नसे, बाथरूमचा दिवा कुठल्या बटणाचा ते आठवत नसे. पण हे कधी चुकलं नाही. सातही मलमांनी जे केलं नाही ते त्या ब्रशनं व्हायचं, तासभर तरी. काकू डोळे मिटून बसायच्या. दिवसातला तेवढाच वेळ घरात जुने बुवा असायचे.

प्रार्थनागृहात बुवांना चाळीस वर्षं पुरी होत होती. त्यानंतर दुसरे निरूपणकार येणार होते, तरुण, गोड गळ्याचे. शेवटच्या निरूपणाला तीन आठवडे राहिले तेव्हा नणंद आली. तिनं पिशवी खाली ठेवली, दादाकडे पाहिलं आणि वहिनीला स्वयंपाकघरात ओढलं.

"वहिनी, हे रद्द करा."

"का म्हणून?"

"दादा मला 'या, बसा' म्हणाला. 'चहा घेणार का' म्हणाला. त्यानं मला लहानपणी झाडावरून ढकललंय, आणि मला 'या, बसा'?"

"दमलेत ते."

"दमलेत! ते झाकायला माझ्यापुढे कशाला पेटी वाजवताय? सगळ्यांसमोर काही झालं तर? त्याच्या तोंडून वेडंवाकडं निघालं तर?"

"वन्सं," काकू ओट्याला टेकून एका पायानं दुसऱ्या पायाचा तळवा घासत म्हणाल्या, "मला एकदाच त्यांना व्यासपीठावरून नीट खाली उतरलेलं बघायचंय. पुढे जे व्हायचं ते घरात होऊ दे. पण लोकांच्या डोळ्यांत शेवटचे राहायचे ते बुवा राहू देत."

"आणि तुमचा पाय? पाऊण तास काढेल तो?"

"काढेल. त्याला विचारतंय कोण?"

नणंद डोळे टिपत हसली. "तुम्ही दोघं म्हणजे एकेक नग आहात," म्हणाली आणि राहिली.

शेवटच्या निरूपणाच्या दिवशी सकाळी काकूंनी पाय बर्फाच्या पाण्यात इतका वेळ बुडवला की अंगठा कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला. जाड मोजा चढवला. प्रार्थनागृहात लवकर जाऊन उजवा बूट काढून ठेवला आणि उजव्या पट्टीवर काथ्याचा तुकडा चिकटवला, म्हणजे दाबता दाबता घासलंही जाईल. देवाला म्हणाल्या, "पाऊणच तास. नंतर दोन्ही पाय खाजव."

अकरा वाजता बाकं भरली. बुवांनी हात जोडले आणि काकूंना कितीतरी महिन्यांत ऐकू आला नव्हता तो आवाज निघाला, भरलेला, कुठंही न चिरलेला. गोष्ट नावाड्याची होती. काकूंनी ती शंभर वेळा ऐकली असेल. धुक्यात नाव निघते, काठ दिसत नाही, पण पैलतीरावरून कुणीतरी हाका मारत असतं, आणि नावाडी त्या हाकांच्या दिशेनं वल्हं मारत जातो. बुवांनी नावाड्याचा खोकला करून दाखवला, घाबरट प्रवाशाची बडबड केली. पुढच्या बाकावरचा टोपीवाला म्हातारा गदगदून हसला. नणंदेनं काकूंकडे पाहून मान हलवली, म्हणजे माझंच चुकलं.

काकूंचे पाय चालले होते. चाळीस मिनिटं होत आली. खाज कुठंतरी बर्फाखाली झोपली होती.

"आणि मग," बुवा म्हणाले, "प्रवासी विचारतो, बाबा रे, पलीकडच्या हाका थांबल्या तर? तेव्हा नावाडी म्हणाला..."

बुवा थांबले.

काकूंनी तीन सूर वाजवले. तिसरा धरला. लोक पुढे सरसावून बसले. बुवांची नजर खांबावरून खिडकीवर गेली, खिडकीवरून स्वतःच्या हातांवर. काकू पाय मारत राहिल्या. सापडेल. नेहमी सापडतो. आणि तेव्हा तळव्यात तो ठिपका जागा झाला.

काकूंनी दात दाबले. ठिपका पसरला. काथ्या मोज्यावरून घसरायला लागला, काही उपयोग नव्हता. असं वाटलं की मुंग्यांचं वारूळ कुणी आतून फोडलंय. त्यांनी कपाळावरचा घाम खांद्याला पुसला आणि आणखी वीस वेळा पट्टी दाबली, आणखी दहा. बुवा अजून आपल्या हातांकडेच पाहत होते. मग काकूंचा उजवा पाय त्यांना न विचारता उचलला गेला.

सूर लंगडला.

बुवांनी चटकन मान वळवली. चेहऱ्यावरचा गोंधळ पार गेला. काय करायचं ते त्यांना आता नक्की ठाऊक होतं. ते व्यासपीठाची पायरी उतरून पेटीशी आले, स्टूल दिसेना म्हणून जमिनीवरच मांडी घालून बसले, काकूंचा पाय मांडीवर घेतला, मोजा ओढून काढला आणि ब्रश सापडेना म्हणून नखांनी तळवा खाजवायला लागले.

"कुठं गं?" त्यांनी विचारलं. निरूपण करणाऱ्याचा आवाज तो, शेवटच्या बाकापर्यंत गेला.

काकूंची बोटं पेटीच्या वरच्या पट्ट्यांवर तशीच राहिली. हवा संपली आणि सूर विझला. टोपीवाल्या म्हाताऱ्यानं हात जोडले, त्याला हे गोष्टीतलंच वाटलं असावं. पण बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर एकेक करून कळत गेलेलं काकूंना दिसलं, आणि नणंद तोंडाला पदर लावून उभी राहिलेली दिसली.

"कुठं गं? सांग ना."

"टाचेकडे," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? "जरा खाली."

पाय ओढून घ्यावा, त्यांना उठवावं, हाताला धरून मागच्या दारानं न्यावं. पण बुवा इतक्या मनापासून बसले होते. आणि पैलतीराच्या वाटेवर नाव तशीच सोडून उठायचं, हे चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. देवाचं नाव घेऊन सुरू केलेलं अर्ध्यावर टाकायचं नाही, एवढंच काकूंना त्या क्षणी सुचलं.

काकूंनी लोकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या बसल्या जागेवरून, पाय नवऱ्याच्या मांडीवर असताना, बोलल्या. "तेव्हा नावाडी म्हणाला, थांबल्या तर आपण मारायच्या हाका. कुणीतरी मारत राहायचं."

आणि त्यांनी शेवटचं पद घेतलं. पेटी नव्हती, सूर नव्हता, आवाज बारीक आणि कापरा. "दिलंस ते पुरलं देवा, उरलं ते तुझं." दुसऱ्या वेळेला मागच्या बाकावरून कुणीतरी ओळ उचलली, मग सगळ्यांनीच उचलली, हळू, कुणी आजारी निजलेलं असताना गावं तसं. काकूंनी पद पुरं केलं. हात जोडले. संपलं.

बुवांनी खाजवणं थांबवून वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फार छान गाता हो तुम्ही," ते म्हणाले. "कुणाकडे शिकलात?"

काकूंना वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी वाट पाहिली. अजून एक क्षण वाट पाहिली.

"घरीच," त्या म्हणाल्या.

"तरीच. घरातलं गाणं वेगळंच." बुवांनी पाय अदबीनं खाली ठेवला, परक्या बाईचा पाय हातात कसा आला याचा संकोच वाटावा तसा, आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. "येतो मी. चार वाजत आले असतील. घरी आमची मंडळी एकटीच असते. तिचा पाय फार खाजतो हो. डॉक्टरांना काही कळत नाही. मी असलो म्हणजे जरा उतार पडतो तिला."

"हो का," काकू म्हणाल्या.

"फार सोसते. बोलत नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं, मग दुसऱ्या दाराकडे. "इथून रस्ता कसा आहे?"

काकू खाली वाकल्या. मोजा सापडला नाही, त्यांनी पाय तसाच बुटात सारला. नणंद धावत आली होती, तिनं दादाचा हात धरायला हात पुढे केला. काकूंनी तिला नुसत्या मानेनं थांबवलं.

"मी त्याच बाजूला राहते," त्या बुवांना म्हणाल्या. "चला. सोडते तुम्हाला."

"तुम्हाला त्रास."

"त्रास कसला."

लोक उठून बाजूला झाले. बुवा प्रत्येकाला नमस्कार करत, पाहुण्यासारखे, मधल्या वाटेनं निघाले, आणि काकू त्यांच्याबरोबर अर्धं पाऊल मागे ठेवून.