उरलेले दोन स्क्रू

त्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात सगळं नेहमीसारखंच होतं. मालक मला टेबलावर पालथा घालून तेल देत होते. तेवढ्यात त्यांची मुलगी दारातूनच बोलत आत आली.

"बाबा, कंपनीनं माझी कल्पना उचलली! साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं."

"अरे वा! कसली गं?"

"आता आमच्या प्रत्येक मिक्सरच्या झाकणात आतून एक कागद असणार. कधी उघडला, काय बदललं, सगळं त्यावर लिहायचं. पुढच्या माणसाला दुरुस्ती सोपी, आणि चांगलं यंत्र कचऱ्यात जायला नको."

"छान आहे की! सुचलं कुणाला?"

"मलाच," ती म्हणाली आणि उगाच माझ्या पात्यांवरची धूळ पुसू लागली.

मालक हसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या झाकणात आतून काहीतरी लिहिलं आणि चारपैकी दोन स्क्रू बसवले.

"उरलेले उद्या. चल, आई जेवायची थांबली असेल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. मालक झोपेतच गेले होते.

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा हिरवा रंग असा चकाकायचा, की दुकानात येणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा. पाच-सहा वर्षांत मी घरघर करू लागलो आणि पहिल्या घरानं मला जिन्याखाली टाकलं. मालकांनी मला तिथून उचलून आणलं आणि मग कुणालाच दिलं नाही.

त्यांची एक सवय होती. कुठलंही यंत्र उघडलं, की झाकणाच्या आत तारीख आणि केलेलं काम पेन्सिलीनं लिहायचं. माझ्या झाकणात मात्र ते घरचंही लिहीत. 'बुश बदलला. मुलीचा पहिला दात पडला.' 'वायर नवी. मुलगी सायकल शिकली, गुडघा फुटला.' ती शाळेतून आली, की माझ्यासमोर बसून अभ्यास करायची आणि मी तिच्या वहीची पानं उलटायचो. "ह्याला आवर घाला हो, बाबा!" ती ओरडायची.

एकदा एक बाई मिक्सर घेऊन आल्या. "फारच ओरडतो हो. टाकूनच द्यावा म्हणते."

"ताई, तुमचा घसा बसला तर घरचे तुम्हाला टाकून देतात का?" मालक म्हणाले. बाई हसत हसत मिक्सर ठेवून गेल्या. तो अजून चालतो म्हणे.

मालक गेल्यावर दोन महिने मी अंधारात धूळ खात पडून होतो. आम्हा वस्तूंना मरण लवकर येत नाही, मित्रांनो. आधी विसर पडतो. एखादा स्क्रू, तेलाचे चार थेंब, एवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षं काढतो. फेकण्याआधी आम्हाला एकदा उघडून बघा, एवढंच मागणं आहे.

काल मुलगी दुकान रिकामं करायला आली. भंगारवाला दाराशी उभा होता.

"ताई, तो पंखा पण द्यायचाय ना?"

"हो, घेऊन जा."

तिनं मला उचललं आणि दोनच स्क्रूंवर तग धरून असलेलं झाकण एका बाजूनं लोंबू लागलं. ते सरळ करताना तिला आतली अक्षरं दिसली. ती खाली बसली. दात, सायकल, शाळेचा निकाल, पहिली नोकरी. एकेक ओळ बोट ठेवून वाचत ती शेवटच्या ओळीपर्यंत आली.

'तेल दिलं. मुलीची कल्पना कंपनीला आवडली.'

'मुलीची' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"ताई?" भंगारवाल्यानं विचारलं.

"हा नाही द्यायचा," ती म्हणाली. टेबलावरच्या वाटीत ते दोन स्क्रू तसेच होते. तिनं ते उचलून घट्ट बसवले, मला टेबलावर उभं केलं आणि बटण दाबलं. मी फिरू लागलो. मालकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, ती कल्पना माझी नव्हती हो. तुमची होती. मी साहेबांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही नाही."