गाठ आलेली भाकर

पिशोरच्या बाजारात त्या दिवशी गर्दी एवढी, की एक शेळी आत शिरली ती बायकांच्या खांद्यांवरूनच बाहेर निघाली. शीतलनाथ महाराज दुसऱ्यांदा आले होते. यंत्र जर्मनीचं, मंत्र हिमालयाचा. छातीतली गाठ हात न लावता ओळखणार आणि जागीच विरघळवणार. एक पातळ पट्टी बाईनं पदराआड आपणच धरायची. लाल झाली की गाठ आहे. मग तीर्थात भिजवलेलं फडकं तिथं दाबायचं, पट्टी पुन्हा लावायची. हिरवी झाली की गाठ गेली. लाज नाही, डॉक्टर नाही. वर ताकीद, की वर्षभर तिथं कुणाचा हात लागू द्यायचा नाही, स्वतःचाही नाही. लागला की गुण गेला.

रूपालीची सासू कडूबाई चैत्रात अशीच हिरवी झाली होती. तेव्हापासून अंघोळही हात चुकवून. मध्यंतरी छातीच्या तपासणीची सरकारी गाडी गल्लीत आली, तर तिनं आतून कडी लावली. आता मार्गशीर्षात काख ठणकू लागली, म्हणून पुन्हा रांगेत.

रूपाली तिच्यासाठी भाकर घेऊन आली. बघते तर उन्हातल्या बायका सगळ्या लाल, लिंबाखालच्या बहुतेक हिरव्या. सासूच्या हातातली पट्टी तिनं फडक्यातल्या गरम भाकरीवर ठेवली. पट्टी लालभडक.

"महाराज, भाकरीला गाठ आली जणू."

अन्नाची थट्टा करू नये, असं महाराज म्हणेपर्यंत तिनं तीर्थाचं फडकं भाकरीवर दाबलं. पट्टी हिरवी.

"बरी बी झाली. कोण खातं?"

पट्टी नुसती ऊब दाखवत होती, आणि तीर्थ गार राहावं म्हणून महाराजांच्या टेबलाखाली बर्फाची लादी होती. बायका हसल्या, महाराजांना कन्नडला जायची घाई झाली. कडूबाई तेवढी हसली नाही.

तपासणीची गाडी दवाखान्यासमोरच होती. रूपालीनं सासूला तिथं नेलं. पडद्याआड डॉक्टर अमृतानं तळहाताएवढं यंत्र तिच्या छातीवर अलगद दाबून फिरवलं. ना सुई, ना चिरा. यंत्राच्या स्क्रीनवर एका जागी डाग उमटला, म्हणजे तिथं काही कठीण होतं.

"हे फक्त शंका सांगतं. पक्कं शहरात कळेल. उद्याच जा."

"चैत्रात आलो असतो तर?" रूपालीनं विचारलं. अमृतानं शहरातल्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

बाहेर कडूबाई पायरीवर बसली. "मंग हिरवी झाली व्हती, ते काय व्हतं?"

"गार पाणी, आत्या."

कडूबाईनं पदराआड हात नेला आणि तिथंच ठेवला.

बायांनो, अंग तुमचं आहे. त्याला हात लावायला कुणा महाराजाची परवानगी लागत नाही. हाताला काही गाठीसारखं लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.